उसाचं टनेज घटतंय: खत वाढवायचं, ठिबक करायचं की आधी रानातलं पाणी बाहेर काढायचं?

मळीचं रान (वाळवा तालुका)

राम राम मंडळी. एप्रिल संपत आलाय आणि जुलैच्या मध्यात आडसाली लागण (पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तोडायचा ऊस) धरायची आहे, म्हणून आत्ताच विचारून घेतो.

आमचं रान कृष्णेपासून जवळ. काळीभोर खोल जमीन, पाण्याला कधी तोटा नाही. ऊस, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक), पुन्हा ऊस असंच वर्षानुवर्षं चाललंय. वडिलांच्या उमेदीत एवढ्याच रानात जे टनेज निघायचं त्याच्या जवळपासही आता जात नाही, खताची पोती मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त पडतात. त्यात मधोमध एक पट्टा आहे. तिथं ऊस उगवतो पण फुटवे धरत नाही, पानं पिवळी पडतात आणि बाकीचा ऊस डोक्यावर गेला तरी तिथला कमरेलाच राहतो. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर येतो. दरवर्षी हा पट्टा थोडा थोडा रुंद होतोय, हीच मोठी काळजी आहे.

सल्ले तीन मिळालेत. खतवाले म्हणतात, भरणीला (उसाला माती लावताना) डोस वाढवा, सोबत ह्युमिक सोडा. मित्र म्हणतो, ठिबक कर आणि सॅटेलाईटवाली एआयची सेवा घे, बारामतीकडं त्याच्यावर काम चाललंय. चुलते म्हणतात, जिप्सम (कॅल्शियमचं भूसुधारक) टाक. तिन्ही एकदम करायला पैसे नाहीत. आधी काय करावं?

मातीपरीक्षक (कराड)

दादा, तिघांनीही खड्डा न काढता औषध सांगितलंय. आधी खड्डा काढा.

त्या खराब पट्ट्यात एक आणि चांगल्या उसात एक, असे तीन-साडेतीन फूट खोल दोन खड्डे काढा. वापशावर (ओल ना जास्त ना कमी असताना) काढा, पाणी दिल्या दिल्या नको. खड्ड्याची एक बाजू फावड्यानं सरळ तासून घ्या आणि खाली बसून नीट बघा. मुळं सरळ खाली गेलीत की दीड फुटावर आडवी वळलीत? वळली असतील तर तिथं सुरी खुपसून बघा. वरची माती भुसभुशीत असते आणि खाली एकदम चिकट, चकचकीत, दाबलेला थर लागतो. वर्षानुवर्षं रोटर एकाच खोलीवर फिरला आणि तोडीच्या वेळी ओल्या रानात ट्रॅक्टर-ट्रॉली आत आली, की हा थर तयार होतो. त्याखालची माती करडी-निळसर दिसली, कुजकट वास आला, तर तिथं हवा पोचत नाही असं समजा. खड्डा रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी तळात पाणी किती साठलंय ते मोजा. पाणी तीन-चार फुटांच्या आत उभं असेल तर तुमचं दुखणं खताचं नाही, निचऱ्याचं आहे.

आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर. पाणी धरून ठेवते हा तिचा गुण, पण सोडत नाही हा दोष. सतत पाट भरून पाणी दिलं की खालची पाणीपातळी वर येते, उन्हाळ्यात ते पाणी केशाकर्षणानं वर चढतं, वाफ होऊन उडून जातं आणि त्यातलं मीठ वर राहतं. तुम्हाला दिसणारा पांढरा थर तोच. अशा जागी आणखी रासायनिक खत टाकणं म्हणजे क्षारांत क्षार घालणं.

उसाला क्षार किती सोसतात हे माहीत असावं. मातीच्या संपृक्त अर्काची (मातीचा पाण्यात लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं मोजमाप, १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादन साधारण ६ टक्क्यांनी घटतं. इथं एक खबरदारी घ्या. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एकास अडीच प्रमाणात पाणी घालून वाहकता मोजतात. तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो, भारी जमिनीत तर दोन-तीन पटींचा फरक पडतो. कागदावर १ आलं म्हणून निर्धास्त राहू नका, कोणत्या पद्धतीनं मोजलंय ते विचारा.

आटपाडीकर

वरचा प्रतिसाद प्रिंट काढून गावात लावावा असा आहे.

आमच्याकडं टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याची वाट बघितली ते पाणी पाटातून वाहताना बघून म्हातारी माणसं रडली, खोटं नाही सांगत. पण आता माझ्याच शिवारात माणसं डाळिंब काढून ऊस लावतायत आणि मिळेल तेव्हा रान डबडबून घेतायत. पाण्याची पाळी पुढं कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून आलेलं सगळं भरून घ्यायचं, अशी मानसिकता. पाणीपट्टीही एकरावर, किती पाणी घेतलं याच्यावर नाही. मग कोण हात आखडता घेणार? आमची जमीन हलकी आहे, खाली मुरूम आहे, म्हणून आज जाणवत नाही. पण ओढ्याकाठच्या भारी पट्ट्यात वाळव्यासारखीच गत होणार असं मला मनापासून वाटतं. पाणी आणायला जेवढी आंदोलनं झाली, त्याच्या चौथा हिस्सा तरी चर्चा ते पाणी बाहेर काढण्यावर व्हायला हवी.

आल्याचा वाफा (कोरेगाव)

उसातलं मी फार बोलणार नाही, आमचं पीक आलं आणि पावसाळ्यात सोयाबीन. पण निचऱ्याचं दुखणं आल्याला सगळ्यात आधी कळतं. कंदकूज येते ती बुरशीनं, पण बुरशीला वाट करून देतं ते साचलेलं पाणी. आम्ही चार-साडेचार फुटी गादीवाफ्यावर दोन ओळी घेतो, वाफ्याची उंची चांगली फूटभर ठेवतो, ठिबकनं रोज थोडं पाणी. बेण्याला ट्रायकोडर्मा लावतो, शेणखतातही मुरवून टाकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा आलं काढलं की त्या रानात लगेच पुन्हा आलं नाही. बिवड (पिकाचा फेर) बदलायचा म्हणजे बदलायचाच. पैसे कितीही खुणावू देत.

सोयाबीनला रुंद वरंबा-सरीवर पेरणी केल्यापासून जोराच्या पावसात पीक पिवळं पडायचं थांबलं आणि पावसानं ओढ दिली तर सरीतली ओल कामी आली. वाण फुले संगम, तोच केडीएस ७२६. तो तुमच्याच जिल्ह्यात कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात तयार झालाय आणि तांबेरा रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही.

दादा, तुम्ही ऊस-खोडवा-ऊस हे चक्र एकदा तरी मोडा. खोडवा गेल्यावर सोयाबीन आणि मग हरभरा घ्या. दोन्ही शेंगवर्गीय, जमिनीला विश्रांती मिळते आणि वर्षभर पाट भरायची गरज राहत नाही.

मळीचं रान

ताई, सोयाबीनचं पटतंय. पण उसाला कारखान्याचा हक्काचा पैसा आहे, भाव आधी माहीत असतो. सोयाबीनला बाजारात काय भाव मिळेल ते देवाला माहीत. घरात हाच वाद होतो.

पाटपाणी (कडेगाव)

हा वाद घराघरात आहे आणि तो चुकीचाही नाही. एफआरपीचा (सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचा) आधार दुसऱ्या कुठल्या पिकाला आहे? ज्याला बँकेचा हप्ता भरायचाय त्याला बिवडाचं तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. म्हणून मी म्हणतो, ऊस ठेवा पण उसाच्या आत सुधारणा करा. त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाचट, तोडीनंतर रानात राहणारी उसाची वाळकी पानं.

तोड झाली की काडी ओढायची, ही सवय आपल्याकडून अजून सुटत नाही. एका हेक्टरमधून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र, थोडा स्फुरद, पाऊण-एक टक्का पालाश आणि ३० टक्क्यांच्या वर सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरात जातो आणि वरच्या थरातले जीवजंतू भाजून निघतात. हे सगळं पुन्हा पोत्यातून विकत आणता येत नाही, कर्ब तर नाहीच नाही.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस सोपी आहे. पाचट एकसारखं सरीत पसरा, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटा, म्हणजे फुटवे जमिनीतून येतात. मग टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. एकराला हिशेब केला तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो संवर्धन. चार-साडेचार महिन्यांत त्याचं खत होतं. तण कमी येतं, पाणी उशिरा लागतं. आमच्या खोडव्यात पाचट ठेवल्यापासून भर उन्हाळ्यात सकाळी पाचट बाजूला सारलं की खाली गांडुळांची विष्ठा दिसते, माती हाताला लोण्यासारखी लागते. आधी याच रानात मार्चला भेगा पडायच्या.

खोडव्याचं खत वरून फेकू नका. पहारीनं बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, १५-२० सेंटिमीटर खोल, फुटाफुटावर भोकं घेऊन द्या. पहिली मात्रा तोडीनंतर १५ दिवसांच्या आत, दुसरी १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूला. मजुरी लागते हे कबूल, पण खत मुळापाशी जातं. पाचटावर युरिया फेकून पाणी सोडलं तर निम्मा हवेत आणि उरलेला ओढ्याला.

नैसर्गिक शेती (खटाव)

खतं मुळात हवीतच कशाला? जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) नियमित सोडा, आच्छादन करा, जमीन आपोआप सुधारते. रासायनिक बंद केल्याशिवाय क्षार कमी होणारच नाहीत.

मातीपरीक्षक (कराड)

तुमच्या आच्छादनाच्या आग्रहाला माझं शंभर टक्के अनुमोदन. पण हिशेब करू. एकराच्या जीवामृताला १० किलो शेण लागतं. ताज्या शेणात नत्र अर्ध्या टक्क्याहून जास्त नसतं, म्हणजे फार तर ५० ग्रॅम नत्र. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश, म्हणजे एकराला १६० किलो नत्र. जीवामृत हे जिवाणूंचं विरजण आहे, जेवण नव्हे. जमिनीत कर्ब असेल तर विरजण लागतं, नसेल तर त्या जिवाणूंनी खायचं काय? म्हणून पाचट, शेणखत, हिरवळीचं खत हे आधी.

उलट बाजूही सांगतो. १६० किलो नत्र म्हणजे युरियाची जेमतेम पावणेआठ पोती, तीसुद्धा चार हप्त्यांत, आणि त्यात मिश्रखतातलं नत्रही धरायचं. माझ्याकडं येणाऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर लोक किती खत टाकतात ते लिहितात. कितीतरी जण याच्या बरंच वर असतात आणि सेंद्रिय कर्ब मात्र ०.४ टक्क्यांच्या खाली. खत कमी पडत नाही, ते धरून ठेवणारी माती उरलेली नाही.

क्षार फक्त खतांमुळे येतात हे मात्र खरं नाही. खत न टाकता नुसतं पाणी साचवलं तरी जमीन क्षारपड होते.

बागाईतदार (तासगाव)

तंत्रज्ञानाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या द्राक्षात त्याच्याशिवाय आता भागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाचा धोका पान किती वेळ ओलं राहिलं त्यावर ठरतो. बागेत हवामान केंद्र आहे, पान ओलं राहण्याचा सेन्सर आहे, त्यावरून फवारणी घ्यायची की नाही ठरतं. आधी ढग आले की फवारणी, शेजारी मारतोय म्हणून फवारणी असं चालायचं. आता अनाठायी फवारण्या वाचतात आणि निर्यातीला रेसिड्यूची (फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची) धास्तीही कमी होते.

उसात मात्र रोजच्या रोज निर्णय नसतात. म्हणून महाग सेवा घेण्याआधी स्वतःला विचारा, या माहितीवर मी उद्या सकाळी काय वेगळं करणार? उत्तर असेल तर पैसे घाला.

दोन गोष्टी उसातही नक्की उपयोगी आहेत. एक, उपग्रहाचा हिरवेपणाचा नकाशा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रं फुकट असतात, १० मीटरचा एक चौकोन, दर पाच दिवसांनी नवं चित्र. पावसाळ्यात ढगांमुळे अडतं, पण ऑक्टोबर ते मे स्वच्छ दिसतं. मागच्या काही वर्षांची चित्रं ओळीनं लावून बघा, तुमचा पट्टा कोणत्या बाजूनं वाढतोय ते कळेल. पाण्याचा पाझर कुठून येतोय याचा अंदाज त्यातूनच लागतो. दुसरं, जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर किंवा साधा टेन्शिओमीटर (ओल दाखवणारी नळी). एक फुटावर एक आणि दोन फुटांवर एक. त्याचा खरा फायदा पाणी कधी द्यायचं हे कळण्यात नाही, कधी द्यायचं नाही हे कळण्यात आहे.

सेन्सर नसेल तर एक फुटाची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना पाणी लागलं तर मोटर बंद ठेवा. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला तर वापसा आहे.

मळीचं रान

म्हणजे ठिबक करावं असंच ना? मित्राचं म्हणणं तेच आहे.

बागाईतदार (तासगाव)

करावंच, पण निचरा न करता नुसतं ठिबक केलं तर पट्टा वाढायचा थांबेल, बरा होणार नाही. साचलेलं मीठ ठिबकच्या पाण्यानं ड्रिपरजवळून ढकललं जातं आणि ओल्या-कोरड्याच्या कडेला गोळा होतं. पुढच्या वळवात तेच मुळाशी येतं. ठिबकनं पाण्यात ४०-५० टक्के बचत होते, खत हप्त्याहप्त्यानं देता येतं, रात्रीच्या लाईटला दारं धरायला (पाणी वळवायला) जावं लागत नाही, साप-विंचवाची भीती नाही. माझ्या मते हा शेवटचा फायदा कुठल्याही टनेजपेक्षा मोठा आहे. अनुदान अल्पभूधारकाला ८० आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत आहे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. मिळायला वेळ लागतो हे धरून चाला.

वारणाकाठ (मिरज तालुका)

आमच्या भागात जमिनीखालचा निचरा झालेला आहे, प्रत्यक्ष बघितलेलं लिहितो.

साधारण तीन-चार फूट खोल चर घेतात, त्यात छिद्रं असलेले पीव्हीसी पाइप टाकतात. पाइपवर सिंथेटिक फिल्टरचं आवरण असतं, नाहीतर चिकणमाती छिद्रं बुजवते. हे पाइप मोठ्या पाइपला जोडतात आणि तो ओढ्यात किंवा चेंबरमध्ये काढतात. शिरोळच्या दत्त कारखान्यानं या कामात पुढाकार घेतला आणि गावंच्या गावं एकत्र आणली, ते एकदा जाऊन बघाच. पहिल्या पावसाळ्यानंतर पाइपच्या तोंडाशी येणारं पाणी जिभेला लावून बघितलं तर खारट लागतं. एवढं मीठ मुळांभोवती होतं हे तेव्हा कळतं.

खरा प्रश्न पाइपचा नाही, पाण्याच्या वाटेचा. तुमच्या रानातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधे दोन-तीन जणांची रानं येतात. एकजण म्हणतो माझ्या बांधातून चर नको, दुसरा म्हणतो माझा ऊस उभा आहे. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ आपल्याकडं कमी नाहीत. म्हणून आधी ओढ्याकडच्या शेतकऱ्याकडं जाऊन बसा. त्याचं रान तुमच्याहून खाली असेल तर तुमच्या पाण्यानं त्याचं रान तुमच्यापेक्षा जास्त खराब झालेलं असणार. त्याला जास्त गरज आहे. आमच्याकडं त्याच मुद्द्यावर जमलं.

कृष्णामाई (सांगली)

हे खारं पाणी शेवटी ओढ्यातून नदीतच येणार ना? खालच्या गावांनी ते प्यायचं? २०१९ आणि २०२१ च्या पुरानं आधीच नदीकाठचे लोक पिचलेत. उत्पादन वाढवायच्या नादात नदीचा विचार कोणीच करत नाही याचं वाईट वाटतं.

वारणाकाठ (मिरज तालुका)

ताई, प्रश्न रास्त आहे. धुऊन काढायचं काम पावसाळ्यात होतं तेव्हा नदीला पाणी मोठं असतं, त्यामुळे तीव्रता कमी राहते. उन्हाळ्यात पाइपची तोंडं बंद ठेवता येतात. पण नत्र वाहून जातं ते जातंच. त्यावर उपाय एकच, रानात गरजेपुरतं खत. निचरा केला आणि युरिया तसाच ओतत राहिलो तर तुमचं म्हणणं खरं ठरेल.

आटपाडीकर

एक आठवण करून देतो, विषय थोडा बाजूला जाईल. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे कडुलिंब, बाभळीवर जमतात. त्याच दिवसांत फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका, प्रकाश सापळे लावा. मादीनं अंडी घातली की मग जमिनीत हजारो रुपये ओतूनही हाती लागत नाही. गावानं मिळून केलं तरच उपयोग. एकट्यानं केलं तर शेजारचे येतात.

मळीचं रान

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही ठिकाणी खड्डे काढले आणि नमुने दिले होते, अहवाल आला.

चांगल्या उसातल्या खड्ड्यात दीड फुटावर कडक थर लागला, मुळं तिथंच आडवी वळलेली. खाली पाणी नाही. सामू (आम्ल-विम्लता) ८.१, वाहकता ०.४, सेंद्रिय कर्ब ०.३८.

खराब पट्ट्यात सकाळी तळात पाणी उभं होतं, जमिनीपासून तीन फुटांवर. माती निळसर, वास येणारी. सामू ८.४, वाहकता २.१, एकास अडीच पद्धतीनं. विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १८ टक्के. उपग्रहाची चित्रंही भाच्यानं काढून दिली. पट्टा वरच्या अंगाला, पाटाच्या बाजूनं वाढतोय हे स्पष्ट दिसतं. तो पाट मातीचा आहे, अस्तर नाही.

आता जिप्सम टाकायचं का? चुलत्यांनी ट्रॉली ठरवून ठेवलीय.

मातीपरीक्षक (कराड)

शाबास, एवढी माहिती घेऊन कोणी येत नाही.

तुमच्या एका रानात दोन रोग आहेत, औषधंही दोन. चांगल्या भागाला जिप्समची अजिबात गरज नाही, तिथं एक रुपयाही घालू नका. तिथला रोग म्हणजे कडक थर आणि कमी कर्ब. मे महिन्यात रान कोरडं ठणठणीत असताना सबसॉयलर (खालचा थर फोडणारं अवजार) मारा, ओल्यात मारला तर थर फुटत नाही, नुसती फट पडते. रोटर कमी करा.

खराब पट्टा क्षारयुक्त-चोपण आहे. एकास अडीचला २.१ म्हणजे संपृक्त अर्कात ४ च्या वर नक्की, आणि सोडियम १५ च्या वर. अशा जमिनीत नुसतं पाणी सोडून क्षार धुतले तर विरघळणारे क्षार निघून जातात, सोडियम मातीला चिकटून राहतो आणि जमीन पक्की चोपण बनते, दगडासारखी. म्हणून चुलत्यांचं जिप्सम त्या पट्ट्यापुरतं बरोबर आहे. कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हटवतो. पण हटलेला सोडियम बाहेर जायला वाट हवी. वाट नसेल तर तो तिथंच फिरत राहतो. आधी निचरा, मग जिप्सम, मग पावसाचं पाणी. हा क्रम उलटा करू नका. प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्या, पहिल्या वर्षी त्याच्या निम्मं टाका, शेणखत किंवा कारखान्याच्या प्रेसमडसोबत (रस गाळून उरलेल्या मळीसोबत) वरच्या थरात मिसळा.

आणि तुमच्या भाच्यानं शोधलेली गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. पाट पाझरतोय. पट्ट्याच्या वरच्या अंगाला पाट आणि रान यांच्यामध्ये एक खोल आडवा चर काढा आणि तो ओढ्याकडं वळवा. पाझर रानात शिरायच्या आधीच अडेल. जेसीबीचं थोडक्या वेळाचं काम आहे, पाइपांच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ.

पाटपाणी (कडेगाव)

वाण कोणता धरताय? को ८६०३२ चा आग्रह असेल तर चांगल्या भागात ठेवा. खराब पट्ट्यात फुले २६५ लावा, तो क्षार आणि पाणी साचणं त्यातल्या त्यात सोसतो. एकडोळा रोपं पाच बाय दोन फुटांवर लावली तर एकरी ४,३५६ रोपं बसतात. तोडीला ४० हजार ऊस हाती आले आणि प्रत्येकी दोन किलो भरले तरी ८० टन होतात. हा सगळा खेळ मुळांना हवा मिळून फुटवे जगण्यावर आहे, म्हणून वरचा सगळा खटाटोप.

मळीचं रान

वाण तसंच करतो. ओढ्याकडच्या रानवाल्या काकांकडं परवा जाऊन बसलो. त्यांच्या खालच्या तुकड्यात गव्हाचं बीही धड उगवलं नव्हतं. चराला बांधालगत जागा द्यायला ते तयार आहेत, अट एवढीच की चर त्यांच्या तुकड्यालाही लागावा. चुलत्यांना अहवाल वाचून दाखवला, जिप्समची ट्रॉली आता पट्ट्यापुरतीच आणि चर झाल्यावर येईल. ठिबकचा अर्ज भरतोय, आला तर पुढच्या वर्षी.

एकच विचारायचं राहिलं. लागणीला अजून वेळ आहे, मधल्या काळात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरू का?

मातीपरीक्षक (कराड)

ताग नको, धैंचा पेरा. ताग साचलेलं पाणी आणि क्षार सोसत नाही, धैंचा दोन्ही सोसतो आणि त्याची मुळं चोपण मातीत खोल शिरतात. सबसॉयलर आणि चर आधी उरकून घ्या, मग मेच्या मध्याला पाणी देऊन एकरी २० किलोच्या आसपास बी टाका. ४५ दिवसांच्या सुमारास, फूल दिसायला लागलं की लगेच गाडा. त्याच्या पुढं ठेवला तर काडी टणक होते, लवकर कुजत नाही आणि लागणीच्या सरीत आडवी येते. गाडल्यावर लागणीपर्यंत दोन-तीन आठवडे तरी मधे राहू द्या. आणि चराचा उतार डोळ्याच्या अंदाजानं धरू नका, लेव्हल मशीन लावून पातळी घ्या. मधे कुठं खोलगट राहिलं तर पाणी तिथंच थांबतं आणि काकांच्या बांधाखाली नवा पट्टा तयार होतो.